गोड ब्रेडचा स्टार्टर नेलेल्यांसाठी सूचना

रविवारी वाटलेल्या स्टार्टरचा (ब्रेड फुगवण्यासाठी आंबवलेल्या पिठाचा) उद्या, शुक्रवारी, सहावा दिवस. एक-एक कप मैदा, साखर आणि उकळून पूर्ण गार केलेलं दूध घालून ढवळा. बरणी निम्मी रिकामी, झाकण सैल. घट्ट लावलं की गॅस कोंडतो आणि पीठ ओट्यावर येतं.

दहा दिवसांचं वेळापत्रक थंड हवेसाठी आहे, नागपूरच्या मे महिन्यासाठी नाही! पारा ४४ वर गेला की यीस्ट साखर झपाट्यानं संपवतं. वर पिवळसर पाणी, दारूसारखा वास आला की पीठ उपाशी आहे असं समजा. ढवळून लगेच खुराक (मैदा, साखर, दूध) द्या. दुपारी कूलरच्या खोलीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवल्यास ते दिवस धरू नका. गुलाबी-केशरी छटा किंवा बुरशी दिसली तर सगळं फेका, वरचं काढून वापरू नका.

मंगळवारी, दहाव्या दिवशी, पुन्हा तेच तीन कप घालून चार कप इतरांना द्यायला काढा. उरलेल्या साधारण कपभरात २ कप मैदा, १ कप साखर, १ कप तेल, ३ अंडी, अर्धा कप दूध, दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ. सोडा विसरलात तर ब्रेड आंबट होतो. दोन टिनांत, १६५ अंशांवर, तासभर. संत्र्याची किसलेली साल घाला, दालचिनीपेक्षा बरी लागते.

देताना डब्यावर तारीख लिहा.