लायब्ररीवाल्या अक्कांना, वरच्या गल्लीकडून

अक्का, नमस्कार. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बस गं, च्या घे" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय, आता वाचावंच लागेल.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. पावसाळ्यात छत्र्या उलट्या होतात आणि एप्रिल लागला की तीच माणसं घागरी घेऊन खालच्या विहिरीवर. जलजीवनचं, म्हणजे घरोघरी नळ द्यायच्या सरकारी योजनेचं काम आलं, माणशी दिवसाला 55 लिटर पाणी नळाला येणार म्हणून आम्ही खूश, आणि नंतर कळलं की पाइपलाइनच्या नकाशात वरची गल्लीच नाही. पंचायतीत विचारायला गेलो तर म्हणाले नोटीस लावलेली, सभा झाली, ठराव झाला, तुम्ही का नाही आलात. नोटीस होतीच की भिंतीवर, पण कन्नडात, आणि आमच्या गल्लीतल्या बायका मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या.

खरं सांगते, त्या दिवशी मी लायब्ररीत आले ती भांडायलाच. बोर्डावर अरिवू केंद्र (पंचायतीच्या लायब्ररीचं कन्नड नाव) लिहिलंय म्हणजे हे पण पंचायतीचंच, मग राग कुणावर तरी काढायचा. तुम्ही काही न बोलता मला हाताला धरून त्या भिंतीपाशी नेलं, कन्नड ओळीखाली बोट ठेवत ठेवत सगळी नोटीस मराठीत सांगितली, तुमच्या त्या कन्नड हेलाच्या मराठीत, आणि म्हणालात, "आता पुढच्या सभेत काय विचारायचं ते ठरवा." इथं भाषेवरून किती वर्षं काय काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक, त्यात मी पडत नाही, पण एका कन्नड बाईनं मला मराठीत माझा हक्क समजावला एवढं मात्र लिहून ठेवते.

माहिती अधिकाराचा अर्ज पण तुम्हीच शिकवला, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला अर्ज लिहायला मदत करायची ही अर्ज घेणाऱ्या माहिती अधिकाऱ्याचीच जबाबदारी, 2005 च्या कायद्यातच आहे. हे ऐकून आमच्या आवा दोनदा म्हणाल्या, "खरं काय गं?"

आणि ते चिंचोके! सतरंजीवर खडूनं गाव काढलं, घराला एक चिंचोका, पाइपलाइनला निळी लोकर, आणि बायका गुडघ्यावर बसून भांडायल्या, हितं शांताचं घर, तितं गोठा. मांडून झालं तेव्हा आमच्या बाजूला चिंचोक्यांचा ढीग आणि निळी लोकर देवळापाशीच संपलेली. मग कुणाला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

तुम्ही एकदा पुदुच्चेरीकडची गोष्ट सांगितलेली, 1998 पासून तिकडं गावागावात माहिती केंद्रं, वीरमपट्टणमला भोंग्यावरून लाटांची उंची सांगायचे, आणि 2004 च्या त्सुनामीत नल्लवाडू गावात तसल्याच भोंग्यावरून ओरडून माणसं वाचवली. आपल्याकडं समुद्र नाही, पण देवळाचा भोंगा आहे, म्हणून वॉर्ड सभेच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही तो मागून घेतलात आणि तारीख, वेळ, विषय आधी कन्नडात मग मराठीत सांगितलं. त्या सभेला पुरुषांपेक्षा बायका जास्त. पाणी समितीत निम्म्या बायका पाहिजेत हा नियम आवांनीच उभं राहून सांगितला, पाठ केलेला, मध्ये विसरल्या तेव्हा तुम्ही मागून पुटपुटलात ते मी बघितलंय.

सर्वे परत झाला. नळ आलेत, पाणी एक दिवसाआड येतंय, त्याचा अर्ज तयार आहे, शुद्धलेखन तेवढं बघा. चिंचोके डब्यात भरून ठेवलेत. आणि सतरंजी धुऊन आणते सोमवारी, तिच्यावर चहा आवांनीच सांडलाय, नाव माझं सांगतात.