गायिकेच्या कानात काय चाललंय ते पण बघा

संपादक साहेब, नमस्कार,

घरच्या घरी रेकॉर्डिंग कसं करावं यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता. माइक कुठला, भिंतीला काय लावायचं, सगळं होतं त्यात, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या हेडफोनमध्ये काय सोडायचं यावर एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

मी बरीच वर्षं रेकॉर्डिंग करतोय आणि सुरुवातीला मी पण तेच करायचो, मला स्पीकरवर जो मिक्स ऐकू येतोय तोच सगळ्यांच्या कानात. एकदा एक तयारीची गायिका सारखी चढी लागत होती, बारा-तेरा टेक झाले, मी मनातल्या मनात तिला नावं ठेवून मोकळा. शेवटी तिचा हेडफोन सहज कानाला लावला तर नुसता ड्रमचा धिंगाणा, तिचा आवाज त्यात शोधावा लागत होता! बिचारी ताणून गात होती, दुसरं काय करणार. ड्रम खाली घेतले, तिचा आवाज वर, थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, फक्त तिच्या कानापुरता (रेकॉर्डिंगमध्ये तो जात नाही), आणि पुढचा दुसराच टेक ओके.

प्रत्येकाला वेगळं लागतं हो. ड्रमरला क्लिक (लय धरायची टक टक) आणि बेस, बेसवाल्याला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), गायकाला स्वतःचा आवाज आणि सूर धरायला एखादं वाद्य. त्यासाठी प्रत्येकाला वेगळा ऑक्स सेंड (मिक्सरमधून त्याच्या कानाकडे जाणारी स्वतंत्र वाट) द्यायचा आणि तो प्री-फेडर ठेवायचा, म्हणजे फेडरच्या, आवाजाच्या सरकत्या खुंटीच्या, आधीच उचललेला, नाहीतर तुम्ही काहीतरी तपासायला गिटारचा फेडर खाली ओढता आणि तिकडे गायकाच्या कानातली गिटार गायब. अजून एक गैरसमज म्हणजे चार जॅकचा हेडफोन अँप आणला की चार मिक्स झाले. नाही होत, साधा अँप एकच मिक्स चौघांना वाटतो. वेगळे मिक्स हवे तर इंटरफेसला (संगणकात आवाज नेणारा-आणणारा डबा) तेवढे आउटपुट पाहिजेत, 8 असतील तर 2 स्पीकरला गेले, उरलेल्या 6 मध्ये तीन स्टिरिओ नाहीतर सहा मोनो. मोनो चालतं, ड्रमर तर कधी तक्रार करत नाही.

लेटन्सीचं, म्हणजे आवाज कानात उशिरा पोचण्याचं, मात्र मनावर घ्या. 48 किलोहर्ट्झला 256 सँपलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे 5.3 मिलिसेकंद आणि ते फक्त एका बाजूचे, जाऊन-येऊन दहाच्या वर जातं. गिटारवाला अँपपासून तीन मीटरवर उभा राहिला तरी हवेतून आवाज पोचायला जवळपास 9 मिलिसेकंद लागतात आणि त्याला काही वाटत नाही, पण गायकाला स्वतःचा आवाज कवटीतून लगेच ऐकू येतो आणि हेडफोनमधून उशिरा, दोन्ही मिसळले की आवाज पोकळ लागतो. डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज संगणकात न फिरता थेट कानात) असेल तर तेच वापरा, नाहीतर बफर 64 वर आणा.

बरेच गायक एक कान उघडा ठेवतात, ठेवू द्या, फक्त त्या बाजूचा आवाज बंद करा, नाहीतर क्लिक माइकमध्ये शिरते आणि गाण्याच्या शेवटी सगळं शांत झाल्यावर टक टक तेवढी उरते. आणि "अजून वाढवा" म्हटलं की लगेच सगळं वाढवू नका, आधी दुसरं काहीतरी कमी करून बघा. 85 डेसिबल आठ तास ठीक धरतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 ला जेमतेम 15 मिनिटं. सेशन किती तास चालतं ते सांगायला नको.

हां, टॉकबॅक राहिलाच, म्हणजे आपलं बोलणं आत गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये पोचवणारा माइक. टेक संपल्यावर काचेपलीकडे आपण दोघं काहीतरी हसतो, आत ऐकू काहीच जात नाही, आणि गाणारा समजतो आपल्यालाच हसतायत. पुढचा टेक कसा येतो मग ते बघितलंय मी.

आपला,
एक रेकॉर्डिस्ट वाचक