वह्या ट्रकात जाऊ देऊ नकोस

वास्को, गोवा
८ मार्च २०२६

प्रिय सखे,

तुझं पत्र परवा मिळालं. जावयांची ऑर्डर निघाली, विशाखापट्टणम सोडून जूनमध्ये इथे दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर हजर व्हायचंय, हे वाचलं आणि आधी देवापुढे साखर ठेवली. डी.एड.च्या होस्टेलात आपण एका खाटेवर बसून पाठाची टाचणं काढली, आणि आता तुझी लेक तिच्या पोरांसकट माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहायला येणार!

पण तुझ्या अक्षरातच काळजी दिसत होती. नात सहावीत जाणार, तिची ही चौथी शाळा, आणि "आता ती बदलीचं नाव काढलं तरी काही बोलत नाही, गप्प आपली खोली आवरायला लागते" असं तू लिहिलंस. ते वाक्य मी दोनदा वाचलं. म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसलेय.

आधी कागदांचं सांगून टाकते, कारण लेकीला त्याचीच घाई असणार. नातवाला फेब्रुवारीत सहा पूर्ण झाली, ते फार बरं झालं. केंद्रीय विद्यालयात पहिलीला ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात. पहिलीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि तीन विद्यालयांपर्यंत नावं देता येतात. वास्कोत विद्यालय आहे, बांबोळीच्या लष्करी कॅम्पात आहे, पलीकडे वेऱ्याला आयएनएस मांडवीतही आहे. पण मांडवी आणि बांबोळी रोजच्या येण्याजाण्याला लांब, तेव्हा वास्को पहिलं घाला. अर्जात गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या ते विचारतात आणि जास्त बदल्या झालेल्यांना आधी घेतात. तेव्हा जावयांना म्हणावं, जुन्या सगळ्या ऑर्डरी एका फायलीत लावून ठेवा. तुला आठवतं का, ही विद्यालयं मुळात याच दुखण्यासाठी निघाली? १९६३ साली छावण्यांमधल्या २० रेजिमेंटल शाळा केंद्राने हाती घेतल्या, बापाच्या बदलीपायी पोराचं वर्ष जाऊ नये म्हणून.

नातीचं जरा वेगळं आहे. ती तिथे खासगी शाळेत आहे. एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात जायचं असतं तर बदलीच्या ऑर्डरीवर प्रवेश मिळाला असता. बाहेरून येणाऱ्याला जागा रिकामी असेल तरच. म्हणून वरुणापुरीतल्या नेव्ही चिल्ड्रन स्कूलमध्येही आत्ताच चौकशी करायला सांग. आणि दाखल्यासाठी कुणी अडवलं तर घाबरू नका म्हणावं. शिक्षण हक्क कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू आहे. त्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की आधीच्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही. आठवीपर्यंतच्या पोरांना हे लागू आहे, पण केंद्रीय विद्यालयं आणि विनाअनुदानित खासगी शाळा या कलमातून वगळल्यात, तेव्हा त्यांचा नियम त्यांनाच विचारायचा. हे मी एवढ्यासाठी लिहिते की मागे एक बाई दाखल्यापायी तीन आठवडे पोराला घरी बसवून होत्या. शाळेच्या खिडकीवरून परत पाठवलं आणि त्या निमूटपणे परत आल्या. कायदा आपल्या बाजूने आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मुलांच्या शिक्षणभत्त्याचंही लक्षात असू दे. दोन मुलांपर्यंत मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे मिळतात, २०२४ च्या जानेवारीपासून हा दर आहे. वर्ष संपल्यावर मुख्याध्यापकांचा दाखला द्यावा लागतो. तेव्हा विशाखापट्टणम सोडण्याआधी तो मागून घ्यायचा. नंतर एवढ्या लांबून पत्रव्यवहार करत कोण बसणार?

झालं कागदांचं. आता मला जे खरं सांगायचंय ते.

सखे, पोरांच्या जुन्या वह्या ट्रकात जाऊ देऊ नकोस. रद्दीत तर मुळीच नको.

सामान बांधताना काय होतं ते मी इतक्या घरांत पाहिलंय. पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेल्या त्या काळ्या ट्रंका भरल्या जातात, वजन नको म्हणून वर्ष संपलेल्या वह्या रद्दीवाल्याला जातात, उरलेल्या ट्रकात. ट्रक दहा-पंधरा दिवसांनी येतो. तोवर पोर नव्या शाळेत जाऊन बसलेलं असतं, आणि त्याच्याजवळ एक दाखला आणि एक प्रगतिपुस्तक. त्या दोन कागदांवर त्याला काय येतं हे लिहिलेलं नसतं गं. "गणित : अ" एवढंच असतं.

माझ्या हातून घडलेलं तुला सांगते. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी शिकवत होते तेव्हाची गोष्ट. जुलैत, वर्ग लागून महिना झाल्यावर, चौथीत एक मुलगा आला. आई-वडील माण तालुक्याकडचे, वडील नौदलात, कारवारहून बदलून आलेले आणि आल्या आल्या सेलिंगवर, म्हणजे बोटीबरोबर समुद्रावर गेलेले. घरात मराठी म्हणून आईने त्याला आमच्या मराठी शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर ३८४ भागिले ६ लिहिलं आणि त्याला म्हटलं, "भागाकार कर." तो खडू हातात घेऊन उभा राहिला. फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हातचा येतो का?" तो तसाच. मागून कुणीतरी हसलं. त्या क्षणी वरून मिग गेलं. इथे विमान गेलं की बोलणं थांबवावं लागतं. तेवढ्या वेळात तो खडू ठेवून जागेवर जाऊन बसला. त्यानंतर तो वर्गात बोलला नाही. मराठी लिहायचा तेही सुटं सुटं, अक्षरांवर रेघ नाही. मी लाल पेनाने पानापानावर "शिरोरेषा?" असं लिहीत गेले. माझ्या टिपणवहीत त्याच्या नावापुढे शेरा मारला, "कच्चा".

गणेशचतुर्थीच्या सुट्टीआधी त्याची आई वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. सामानातली एक ट्रंक उशिरा उघडली होती. म्हणाली, "बाई, घरी तर हा सगळं करायचा, तुम्ही बघा तरी." मी बघितल्या. कारवारला तो इंग्रजी माध्यमात होता. तीन आकडी भागाकार, पेन्सिलीने, ओळीने बरोबर, पानाच्या वर लिहिलेलं "डिव्हिजन". हातच्याला तो "कॅरी" म्हणायचा. गणित त्याला येत होतं. माझा शब्द येत नव्हता. खाली एक कानडीची वही होती. काय अक्षर होतं सखे! गोल, ठसठशीत, एकसारखं. कानडीला आपल्यासारखी सलग शिरोरेषा नसते, म्हणून त्याच्या मराठीवरही नव्हती. एवढं साधं मला सात आठवडे सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फळ्याजवळ बोलावलं आणि म्हटलं, "माझं नाव कानडीत लिहून दाखव." त्याने लिहिलं. मग शेजारच्या मुलीने तिचं नाव सांगितलं, मग सगळा वर्गच उठून त्याच्याभोवती. मधली सुट्टी झाली तरी नावं संपेनात. त्याचे कान लाल झाले होते आणि तो हसत होता. वर्षअखेरीस तो वर्गात पहिल्या पाचांत होता. पण ते जुलै-ऑगस्ट मी त्याला परत देऊ शकले नाही.

तेव्हापासून नवं मूल आलं की मी आधी जुनी वही मागायचे. निवृत्त झाल्यावरही नौदलाची किंवा बांबोळीची कुणी बाई विचारायला आली की मी पहिलं हेच सांगते. गणित, इंग्रजी, विज्ञान आणि भाषेच्या वह्या पोराच्या पाठीवरच्या दप्तरात ठेवायच्या. जुन्या वर्गशिक्षिकेकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या: कुठपर्यंत शिकवून झालं, मुलाला कशाची गोडी आहे, कुठे अडतं. दोनच ओळी, पण त्या नव्या बाईंच्या हातात पहिल्या दिवशी पडायला हव्यात. नातीला एप्रिलभर तिथेच सहावीला बसू दे, मग मेच्या सुट्टीत हलवा. त्या महिन्याच्या वह्याही बरोबर हव्यात. इथल्या राज्य मंडळाच्या शाळांत २०२५ साली सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले. जूनमध्ये सगळे नव्याने सुरुवात करतील हा जुना हिशेब आता धरू नका.

भाषेचा प्रश्न तिच्यापुढे येईलच. तेलुगू सुटेल. ती सुटते म्हणून "आता काय कामाची ती" असं घरात कुणी म्हणू नका. गोव्यात कोंकणी राजभाषा, मराठीही सगळीकडे चालते. सकाळी पोदेर पाव घेऊन येतो तो कोंकणीत बोलतो, आपण मराठीत उत्तर देतो आणि कुणाचं काही अडत नाही. तुझी नात महिन्याभरात कोंकणी समजायला लागेल बघ. पण तिने तेलुगूत काढलेल्या कविता तिच्या वहीत राहू देत.

आमच्याकडे काय आहे ते सांगते. आम्ही शेजारच्या तिघीजणी मिळून माझ्या मागच्या खोलीत वापरलेली पुस्तकं, गणवेश, रेनकोट जमवतो. मार्चअखेर बदली होऊन जाणाऱ्या बायका आणून देतात, जूनमध्ये येणाऱ्या घेऊन जातात. पैशांचा व्यवहार नाही. गणवेश दोन पुरत नाहीत गं इथे, तीन लागतात, कारण पावसात दोरीवर चार दिवस घातला तरी कमरपट्टा ओला राहतो. राजस्थानातून आलेल्या एका पोराने पहिल्या पावसात बूट भिजले म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. बुटांना बुरशी येते, तेव्हा रबरी सॅंडल चालतात का ते शाळेला आधी विचारायचं.

गेल्या मे महिन्यातलं एक दृश्य मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ऑपरेशन सिंदूर सुरू होतं ते दिवस. एक तरुण पोर, कडेवर वर्षाचं बाळ, मोठा तिसरीत जाणारा, पुस्तकं न्यायला आली. नवरा समुद्रावर, फोन नाही. मी टीव्ही बंद केला. तिने पुस्तकं घेतली आणि उठेचना. मग म्हणाली, "काकू, तुमच्याकडे ब्राऊन पेपर आहे का?" मी दिला. दुपारभर ती कव्हरं घालत बसली. कोपरे नीट दुमडून, नखाने घडी दाबून, एकेक. तिच्या पोराची संपली तेव्हा तिने कपाटातली दुसऱ्यांची घेतली. मी शेजारी बसून कात्री चालवत राहिले. आम्ही फारसं बोललो नाही. संध्याकाळी ती गेली तेव्हा एकोणीस पुस्तकांना कव्हर झालं होतं. तिचा नवरा सुखरूप परतला, आता ती सकाळी पोराला बसला सोडताना मला हात करते.

हे लेकीला मुद्दाम सांग. जावई सेलिंगवर गेले आणि पालक सभा आली तर तिने एकटीने जायचं आणि वर्गशिक्षिकेला आधीच सांगून ठेवायचं की मुलांचे बाबा बोटीवर असतात. नाही तर "बाबा का नाही आले?" हा प्रश्न भर वर्गात येतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण पोर मान खाली घालतं. आणि नात गप्प खोली आवरते ना, तिला "सवय होईल" असं कुणीही म्हणू नका, तूसुद्धा. सवय झालेलीच आहे तिला, म्हणून तर ती गप्प आहे. तिला विचार, तिथलं काय बरोबर न्यायचंय. मैत्रिणीचा पत्ता एका वहीत मैत्रिणीच्याच हाताने लिहून घेऊ दे.

घराचं म्हणशील तर क्वार्टर मिळायला वेळ लागू शकतो. तोवर भाड्याने घ्यायचं तर मांगोर हिल नाही तर चिखलीकडे बघू. क्वार्टर मिळाल्यावर घर बदलेल, पण शाळा आणि शाळेची बस तीच राहिली पाहिजे. मी दोन ठिकाणी सांगून ठेवलंय.

यायची तारीख नक्की झाली की कळव. सामान येईपर्यंत चौघंही माझ्याकडे जेवतील, हे मी विचारत नाहीये, सांगतेय. आणि एक काम आजच कर: लेकीला फोन करून सांग, दोन्ही पोरांना कोऱ्या कागदावर उभं करून पावलांभोवती पेन्सिलीने रेघ मारायची आणि ते कागद मला पोस्टाने पाठवायचे. पावसाळी सॅंडल मी मेमध्येच घेऊन ठेवते. जूनमध्ये वास्कोच्या बाजारात लहान मापं उरत नाहीत.

तुझी,
वास्कोची मैत्रीण