नीलच्या कॉलेजाबद्दल, बाबांना

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
३ सप्टेंबर

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

रविवारी फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "त्याला चांगल्या कॉलेजात मिळालं नाही का गं?" मी "मिळालं होतं, पण..." म्हणते तोवर आईने फोन घेतला आणि विषय पापडांवर गेला. तुमचा आवाज मात्र पडला होता. तो दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

नीलला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. तरीही पहिली दोन वर्षं डी अँझा कॉलेजात काढायची, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. हे कम्युनिटी कॉलेज आहे. तुम्हाला वाटलं तसं ते एखाद्या समाजाचं किंवा ज्ञातीचं कॉलेज नव्हे. इथे कम्युनिटी म्हणजे आजूबाजूची वस्ती, सगळी. पंचक्रोशीचं कॉलेज म्हणा हवं तर.

कॉलेज कुपरटिनोला आहे, आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. आज ॲपलचं गाव म्हणून कुपरटिनोचं नाव जगभर झालंय, पण १९५५ साली तिथे नगरपालिका झाली तेव्हा ते बागायतदारांचं लहानसं गावच होतं. सगळं सांता क्लारा खोरं जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागांचं. युद्धानंतर माणसं येत गेली, इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आले, एकेक बाग तोडून घरं उठली. त्या घरांतली मुलं बारावी व्हायला लागली तशी लोकांना जवळपास कॉलेज हवंसं झालं. कुणी धनिक पुढे आला नाही, सरकारने वरून आणून ठेवलं नाही. १९५७ च्या जानेवारीत लोकांनी मतदान करून कॉलेजसाठी स्वतःचा जिल्हा स्थापन केला. हा जिल्हा कलेक्टरचा नव्हे. कॉलेज चालवण्यापुरती हद्द ठरवायची, तिथल्या घराजमिनीवरच्या करातून खर्च भागवायचा आणि विश्वस्त मतदानाने निवडायचे, अशी ती व्यवस्था.

आधी फूटहिल कॉलेज निघालं. १९५८ साली माउंटन व्ह्यूमधल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत वर्ग भरले आणि तीन वर्षांनी लॉस अल्टोस हिल्सच्या टेकडीवर स्वतःच्या इमारती झाल्या. तेही पुरेना, तेव्हा १९६७ च्या सप्टेंबरात डी अँझा उघडलं. ११२ एकर जागा. तिथे पूर्वी एका श्रीमंत कुटुंबाचे द्राक्षमळे होते. त्यांचा १८९० च्या दशकातला वाडा मूळ जागेवरून हलवून जपून ठेवलाय आणि आता त्यात कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचं केंद्र आहे. नाव पडलं ते १७७६ मध्ये इथून गेलेल्या स्पॅनिश सरदाराचं, हुआन बाउतिस्ता दे अँझाचं. कुपरटिनो हे नावही त्याच मोहिमेतल्या पाद्र्याने इथल्या ओढ्याला दिलेलं. कॉलेज आणि गाव, दोघांची नावं एकाच मुक्कामातून आली, हे मला फार आवडतं.

इमारती बुटक्या, लाल कौलांच्या, समोर लांबच लांब कमानींचे व्हरांडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या शाळेचा व्हरांडाच आठवला.

हो, "पहिल्यांदा". तुम्हाला मी हे कधी नीट सांगितलं नाही, बाबा. इथे आल्यावर पहिली काही वर्षं मला कामाची परवानगी नव्हती. माझी पुण्याची बी.कॉम. घेऊन मी एका विद्यापीठात चौकशीला गेले, तर खिडकीवरच्या बाईने कागद उलटून पाहिले आणि परत सरकवले. त्या रात्री मी जेवले नाही. पुढच्या आठवड्यात शेजारणीने मला डी अँझाला नेलं. तिथे कुणी टक्के विचारले नाहीत, वय विचारून भुवई उडवली नाही. नाव नोंदवलं आणि संध्याकाळच्या हिशेबाच्या वर्गात जाऊन बसले. माझ्या डाव्या हाताला साठी उलटलेले एक निवृत्त गृहस्थ, उजवीकडे रात्रपाळी करून आलेली नर्सिंगची मुलगी. तिच्या पिशवीत पुस्तकाशेजारी डबा, आणि पहिला तास संपेपर्यंत ती डाव्या हाताच्या अंगठ्याने स्वतःच्या तळहाताला टोचत राहायची, झोप लागू नये म्हणून. पुढे बसलेला मुलगा अठराचा. प्राध्यापक बाई त्या तिघांना आणि मला एकाच गंभीरपणे शिकवत होत्या. आज मी ज्या नोकरीवर आहे तिचा पाया त्या खोलीत घातला गेला.

अशी कॉलेजं इथे नवी नाहीत. पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज (आपलं अकरावी-बारावीचं नव्हे, त्यापुढचं) १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला एका हायस्कुलात निघालं, सहा विद्यार्थ्यांवर. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये कायदा करून हायस्कुलांना पुढचे वर्ग चालवायची मुभा दिली आणि आता या एका राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. १९६० च्या आराखड्यात राज्याने कामं वाटून घेतली: वरच्या गुणांची मुलं थेट विद्यापीठात, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकाला उघडं. विद्यापीठांनी मग या कॉलेजांतून येणाऱ्यांसाठी तिसऱ्या वर्षाला जागा राखायच्या. त्या दाराने नील पुढे जाणार आहे.

इथलं शिक्षण तर १९८४ पर्यंत फुकट होतं. १९७८ मध्ये मतदारांनीच घरपट्टीवर मर्यादा घातली, कॉलेजांच्या तिजोऱ्या आटल्या आणि शेवटी फी आली. मला याचं वाईट वाटतं. ज्यांची मुलं इथे फुकट शिकली त्यांनीच पुढच्यांच्या वाटेवर नाका बसवला. तरी आजही डी अँझाला कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रम मोजायच्या एककाला, ३१ डॉलर पडतात. दोन वर्षांच्या पदविकेला ९० युनिटं लागतात. म्हणजे २,७९० डॉलर, वर किरकोळ फिया. राज्याच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एका वर्षाची फीच सुमारे पंधरा हजार, राहणं-खाणं निराळं. तुम्ही आयुष्यभर शाळेचा जमाखर्च सांभाळलात, तुम्हाला हा हिशेब समजावायची गरज नाही.

पण केवळ पैशासाठी हे ठरवलेलं नाही. नीलला यंत्रं आवडतात आणि जीवशास्त्रही आवडतं. इथे तो दोन्हीचे पेपर घेऊन बघेल. ठरलेले विषय आणि गुण पुरे झाले तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, सांताक्रूझ अशा सहा ठिकाणांपैकी एकात प्रवेशाची लेखी हमी मिळते. बर्कली त्यात येत नाही, तिथे स्पर्धेनेच जावं लागतं. ॲपलच्या संस्थापकांपैकी वॉझनियाक डी अँझाला काही काळ शिकला होता आणि मॅकिंटॉश संगणक १९८४ मध्ये याच आवारातल्या फ्लिंट सेंटरच्या रंगमंचावर पहिल्यांदा लोकांसमोर आला, हे नील सगळ्यांना सांगत सुटलाय. ते नाट्यगृह मात्र २०१९ मध्ये बंद झालं. गावातली भाडी इतकी चढली की सामान्य माणसाला कॉलेजच्या आसपास राहणंच परवडत नाही. मुलं तास-तास गाडी चालवून येतात.

आणि एक कबूल करते. इथे आलेले सगळेच विद्यापीठापर्यंत पोहोचत नाहीत. नोकरी, भाडं, घरचं आजारपण यांत कितीतरी जण मध्येच सुटतात. माझ्या शेजारची ती नर्सिंगची मुलगी दुसऱ्या क्वार्टरला, म्हणजे पुढच्या तिमाही सत्राला, दिसली नाही. म्हणून नीलला मी बजावलंय, दर क्वार्टरला समुपदेशकाला भेटायचं आणि युनिटांची यादी फ्रिजवर लावायची.

तुम्ही साताऱ्याला शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका'तून शिकलात. सकाळी शेतावर कुदळ मारून मग वर्गात जायचो, हाताचे फोड वहीला चिकटायचे, हे तुम्ही आम्हाला कितीदा सांगितलंत. कर्मवीर अण्णांनी काले गावात १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात ठेवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १९४७ ला ते कॉलेज निघालं नसतं तर कोरेगावच्या शेतकऱ्याचा मुलगा पदवीधर झाला असता का? तेव्हाही पुण्याच्या कॉलेजात गेलेल्यांनी तुम्हाला "साताऱ्यालाच का?" असं विचारलं असेल. इथे जिल्ह्याने कर भरून कॉलेज उभं केलं, तिथे लोकांनी मूठमूठ धान्य देऊन. मी हिशेबाच्या वर्गात पहिल्यांदा बसले तेव्हा मला तुम्हीच आठवला होतात, बाबा. तुम्हाला हे तेव्हाच लिहायला हवं होतं.

नाना काकांनी विचारलं तर नाव नीट सांगा, डी अँझा. नील म्हणतोय की पहिला वर्ग २० तारखेनंतर सुरू होईल. त्याआधी त्याला तुमच्याशी बोलायचंय, शेतावर कोणतं काम करायचात आणि किती पैसे मिळायचे ते विचारायचंय. रविवारी तुमच्या सकाळी आठला फोन करतो. आईला म्हणावं, त्या वेळेला पापडांचा विषय नको.

डोळ्यांचे थेंब वेळेवर घालत जा.

तुमची,
माई