जुन्या आग्रा रोडच्या मुकादमकाकांना अनावृत आभारपत्र

ती. मुकादमकाका यांस,
सा. न. वि. वि.

१९५५ च्या डिसेंबरात मुंबईहून इंदूरला, आजीच्या मावसबहिणीकडे गेलेल्या मोटारीचा रस्ता त्या प्रवासाच्या जमाखर्चाच्या वहीवरून पुन्हा जुळवता आला तो तुम्ही रस्त्याकडेचे अंतराचे दगड वाचायला शिकवलंत म्हणून. आभार खासगीत मानून थांबलो नाही. अशा जमाखर्चाच्या वह्या घरोघरी माळ्यावर पडून आहेत, पण त्यातले मैल-फर्लांग उलगडून सांगणारं माणूस आता सहजासहजी भेटत नाही.

वहीत 'गोदावरी पुलापासून १२ मै. ३ फ. – विहीर, जेवण' अशी नोंद दिसली की कुणीही आधी १.६ ने गुणतो, गाडीचं मीटर शून्यावर आणतो आणि चौपदरीवरून सुटतो. हिशोब तसा बरोबरच असतो. १२ मैलांचे १९.३ आणि ३ फर्लांगांचे ०.६ मिळून १९.९ किलोमीटर, म्हणजे ओझरच्या आसपास. पण आजच्या महामार्गाने जुनी वळणं कापली, गावं बाहेरून वळवली, नाशकात तर तो उड्डाणपुलावर चढला. चूक प्रत्येक गावाला साठत जाते आणि धुळ्यापर्यंत विहीर भलत्याच शिवारात सापडते. त्यावर तुमचा नियम एकाच ओळीचा होता: "नदी ओलांडली की मोजणी पुन्हा शून्यावर." तुम्ही लिहून दिलेला नद्यांचा क्रम इथे उतरवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. शहापूरच्या अलीकडे भातसा, नाशिकला गोदावरी, पिंपळगावच्या अलीकडे कादवा, मालेगावला गिरणा आणि मोसम, धुळ्याला पांझरा, सावळद्याला तापी, शिरपूरला अरुणावती आणि खलघाटला नर्मदा. दोन नद्यांमधली चूक त्या दोन नद्यांमध्येच राहते, पुढच्या टप्प्यात जात नाही.

गावात शिरल्यावर नाव विचारायचं, नंबर नाही, हेही तुमचंच. शीव ते मुलुंडचा एलबीएस मार्ग म्हणजे पूर्वीचा आग्रा रोड. नाशकात 'जुना आग्रा रोड' अजून त्याच नावाने चालतो, धुळ्यात बाजारपेठेचा रस्ताच आग्रा रोड आणि इंदुरात ए.बी. (आग्रा-बॉम्बे) रोड. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्र. ३ आता नाशिक-धुळे टप्प्यात ६० आणि धुळे-इंदूर टप्प्यात ५२ झाला आहे. त्यामुळे जुन्या कागदावरचा '३' आजच्या पाटीवर शोधण्यात अर्थ नाही.

खरी करामत फर्लांगाच्या दगडांची. फर्लांग म्हणजे ६६० फूट, २०१ मीटर. आजचे छोटे दगड २०० मीटरवर असतात. एवढ्या फरकाने दोघांना वेगळं कसं करायचं, हे तुम्ही अंगठ्याने दाखवलंत. २०० मीटरच्या दगडांवर २, ४, ६, ८ एवढेच आकडे येतात. मैलाचे फर्लांग आठ, म्हणून दगडांवर १ ते ७. तेव्हा ३, ५ किंवा ७ दिसला की दगड जुना. रंगावर विसंबायचं नाही, कारण जुन्याच दगडाला चुना फासून नवा आकडा रंगवलेला असतो. डोळे मिटून बोट फिरवायचं: रंगवलेला आकडा बोटाला लागत नाही, कोरलेल्याची कड लागते. डांबराचे थर चढत गेल्याने रस्ता वर आला आणि दगड खाली गेला. बरेचदा हातभर दगडाचं चार बोटं डोकंच वर असतं. खुरपं रस्त्याच्या बाजूने नाही, शेताच्या बाजूने चालवायचं. रस्त्याकडे खडी-मुरूम दाबून बसलेला असतो, शेताकडची माती भुसभुशीत मिळते. खणलेलं पुन्हा बुजवायचं, हे सांगायला तुम्ही दोनदा फोन केलात.

मोऱ्यांचंही, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला बांधलेल्या छोट्या पुलांचंही, तसंच. चुन्यात बांधलेली दगडी कमान, दोन कठड्यांमध्ये जेमतेम एक ट्रक आणि एक बैलगाडी मावेल एवढी जागा, आणि दोन्ही अंगांना वडाची किंवा आंब्याची रांग शेतातून वळत गेलेली दिसली तर तो जुना रस्ता समजायचा. आजच्या महामार्गापासून तो कधी शंभर पावलांवर असतो, कधी एखाद्या ढाब्याच्या मागे. कठड्याच्या टोकाच्या दगडावर साल कोरलेलं असेल तर खडू घासू नका, तारेचा ब्रश तर मुळीच नको. सकाळी आठच्या सुमाराला तिरप्या उन्हात किंवा टॉर्च कडेने धरून फोटो काढला की अक्षरं आपोआप उठतात.

नकाशांचं थोडक्यात सांगतो. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेली 'यू ५०२' मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. नाशिकच्या आसपास २० अक्षांशावर नकाशांचा गट बदलतो: दक्षिणेला एनई ४३, उत्तरेला इंदूरपर्यंत एनएफ ४३. प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर अडीचशे मीटर. रस्ता कोणत्या गावावरून गेला एवढं तो सांगेल, मोरीच्या कोणत्या अंगाने गेला ते नाही. तिथे पुन्हा तुमचे दगडच.

वहीवर साल नसेल तर पैसे बघावेत. आणे-पै असतील तर बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचं, नये पैसे असतील तर नक्की नंतरचं. इंदूरपुढे 'मध्यभारत' हे तेव्हाच्या राज्याचं नाव लिहिलं असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं. पेट्रोल तेव्हा गॅलनने, एक गॅलन ४.५४६ लिटरचा. फियाट ११०० सारखी गाडी गॅलनला तीसेक मैल गेली असं धरलं, तर ४ गॅलनमध्ये १२० मैल. नाशिक ते धुळे साधारण ९६ मैल आहे, म्हणजे दोन पंपांच्या नोंदींमधलं अंतर पडताळता येतं.

सगळ्यात जास्त फसवते ती 'कसारा – पाणी – पाऊण तास' अशी नोंद. वाचणाऱ्याला वाटतं धबधबा पाहायला थांबले असतील. थांबवलं होतं रेडिएटरने. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, गाडी मात्र रांगते. समोरून वारा लागत नाही आणि पाणी उकळतं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर ब्लॉकला तडा जातो, म्हणून बॉनेट उघडून निवेपर्यंत बसावं लागायचं आणि त्याच वेळात डबे सुटायचे. म्हणून जेवणाच्या जागा घाटापाशी शोधायच्या. कसारा, चांदवडजवळचा राहुड घाट आणि सेंधव्याअलीकडचा बिजासन घाट, या तिन्ही ठिकाणी हा ठोकताळा बसला. कसाऱ्यात आता जुना आणि नवा असे दोन रस्ते असून वाहतूक विभागलेली आहे. जाताना हुकलेलं वळण परतीच्या वाटेवर शोधायचं. घाटात गाडी थांबवायची नाही. पुढच्या गावात लावायची आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा कडेने चालत मागे यायचं.

नातेवाइकांचा पत्ता लागला तोही तुमच्याच सूचनेवरून. जुन्या पत्रांत घर नंबर नसतो, 'अमक्यांचा वाडा, रामबाग' एवढंच असतं आणि वाडे पडून इमारती उभ्या राहिल्यात. तुम्ही म्हणालात, नाशकाला थांबले म्हणजे गंगेवर (गोदावरीवर) गेलेच असणार, उपाध्यायांची नामावळी, म्हणजे आलेल्या यात्रेकरूंच्या नावांची वही, बघा. तिथे आडनाव सांगून भागत नाही. मूळ गाव आधी, मग आडनाव, मग गोत्र, असं विचारावं लागतं, कारण वह्या गावांप्रमाणे लावलेल्या असतात. एका नोंदीत बरोबर आलेल्या सगळ्यांची नावं आणि नाती असतात. कागद ठिसूळ असतो, पान उपाध्यायांनाच उलटू द्यावं. फोटो विचारून काढावा आणि दक्षिणा आधी ठेवावी.

काका, तुमचा शंभर फुटी टेप याच पार्सलात आहे. पुसून, पट्टीला तेलाचा हात फिरवून गुंडाळला आहे. ४० फुटांपाशी पट्टी दुमडली होती ती सरळ केली, पण तिथे मोजताना ताण थोडा कमी ठेवा. सोबत राहुड घाटाजवळच्या '५' च्या दगडाचा फोटो आहे. रंगाने त्यावर ८ केला आहे, उजव्या बाजूने बघितलंत तर कोरलेला ५ दिसेल.

आपली,
तिघं भावंडं, ठाणे