सहलीच्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळाही छापा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खडकाळ किनाऱ्यावरच्या दोन दिवसांच्या सहलीचा बेत सांगणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. छायाचित्रे पाहून लगेच निघावेसे वाटले. मुक्काम, रस्ता, सूर्यास्त कुठून बघावा, सगळे नीट दिले होते. एक वाक्य मात्र मनातून जाईना. ‘शनिवारी दुपारी ४ वाजता किनाऱ्याने चालत खडकाच्या कमानीपर्यंत जावे.’ कोणत्या शनिवारी?

हा प्रश्न शब्दांचा कीस काढण्यासाठी विचारत नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आठवड्याभरात जवळजवळ सहा तासांनी. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, त्यामुळे या शनिवारी ४ वाजता पूर्ण ओहोटी असेल, तर पुढच्या शनिवारी त्याच जागी, त्याच वेळी जवळपास पूर्ण भरती असते. लेखकाने स्वतः पाहिलेली कोरडी वाट त्यांच्या वाचकाला पाण्याखाली सापडू शकते. आणि ती वाट पाण्याखाली गेलेली आधी दिसली तर बरेच म्हणायचे. जाताना कोरडी आणि येताना बुडालेली, हे फार वाईट.

आमच्या बाबतीत नेमके तेच झाले. काही वर्षांपूर्वी मी, बहीण आणि तिची दोन मुले अशाच एका सहलीला गेलो होतो. दुपारी ३ च्या सुमारास पाणी खूप आत गेलेले होते. डोंगराचे एक टोक समुद्रात शिरले होते, त्याला वळसा घालून आम्ही पलीकडच्या छोट्या पुळणीवर उतरलो. तिन्ही बाजूंना कडा, समोर समुद्र. मुले खळग्यांत साठलेल्या पाण्यात खेकडे शोधत होती. पहिला तासभर पाणी जागचे हललेसुद्धा नाही असे वाटले. साडेपाचला निघालो तेव्हा त्या टोकाशी कमरेएवढे पाणी होते आणि लाटा खडकावर आपटत होत्या. मोबाईलला रेंज नव्हती. आम्ही मागे फिरलो आणि कड्याच्या पायथ्याशी उंचवट्यावर जाऊन बसलो. तिथे खडकाच्या भेगांत गवत उगवले होते. जिथे गवत वाढते तिथवर समुद्र सहसा येत नसावा, एवढाच आधार. पाणी उतरून वाट मोकळी झाली तेव्हा रात्रीचा १ वाजत आला होता. धाकटा सात वर्षांचा होता. त्या रात्री त्याने माझा हात एकदाही सोडला नाही.

भरती एका चालीने चढत नाही, हे मी त्यानंतर शिकले. पाण्याच्या एकूण चढाचे १२ भाग केले, तर पहिल्या तासात साधारण १ भाग चढतो, दुसऱ्यात २, तिसऱ्यात आणि चौथ्यात ३-३, मग पुन्हा २ आणि १. अर्धा चढ मधल्या दोन तासांत होतो. म्हणून पहिल्या तासाचा संथपणा पाहून माणूस निर्धास्त होतो आणि फसतो. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी खाली उतरावे आणि पाणी फिरले की परतीला लागावे, असे मी आता करते. तेवढा वेळ पुरतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की खडकाळ किनाऱ्याच्या सहलीची आखणी आधी चंद्रावरून करावी, मग भरतीच्या वेळापत्रकावरून, आणि ठिकाणांची यादी त्यानंतर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खालीही जाते, त्यामुळे एरवी झाकलेले खडक, गुहांची तोंडे, समुद्रजीवांनी भरलेले खळगे उघडे पडतात. ज्यांना ते बघायचे आहे त्यांनी तोच शनिवार-रविवार धरावा, पण घड्याळ हातात ठेवून. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, चढउतार कमी. लहान मुले, वयस्कर माणसे बरोबर असतील तर मी तो आठवडा निवडते. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एखाद्या ठिकाणी उधाणाची पूर्ण ओहोटी दर वेळी साधारण त्याच प्रहरी येते. कुठे ती सकाळ-संध्याकाळ असते, कुठे दुपारी आणि मध्यरात्री. एकदा हे कळले, की त्या किनाऱ्यावर दिवस कसा लावायचा हे कायमचे कळते.

कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाण्याचा चढउतार १६ मीटरपर्यंत जातो. तिथे लोक ओहोटीला समुद्राच्या तळावर उभ्या सुळक्यांमधून फिरतात आणि काही तासांनी त्याच जागेवरून होड्या जातात. तिथे वेळापत्रक न बघता जाण्याचा विचारही कुणी करणार नाही. दोन-तीन मीटरचा चढ असलेल्या किनाऱ्यावर मात्र आपण सहज विसरतो, खरे तर माणूस अडकायला तेवढा पुरेसा आहे.

कड्यांबद्दलही लिहायला हवे. समुद्रात घुसलेल्या टोकांवर लाटा दोन्ही बाजूंनी वळून आदळतात, म्हणून गुहा, कमानी, सुळके तिथेच तयार होतात, आणि ढासळतातही तिथेच. ऑस्ट्रेलियात ‘लंडन ब्रिज’ नावाच्या दुहेरी कमानीचा जमिनीकडचा भाग १५ जानेवारी १९९० रोजी कोसळला. दोन पर्यटक पलीकडच्या तुकड्यावर अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. माल्टाजवळच्या गोझो बेटावरची प्रसिद्ध खिडकीसारखी कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात पूर्ण नाहीशी झाली. छायाचित्रासाठी कमानीवर चढा किंवा कड्याच्या अगदी टोकाला बसा, असे कृपया कोणत्याही लेखात येऊ देऊ नका. वरून भक्कम दिसणारी कडा खालून पोखरलेली असते आणि वर उभ्या माणसाला ते दिसत नाही.

लाटांचेही तसेच आहे. दूर कुठेतरी झालेल्या वादळाच्या लाटा निरभ्र दिवशी येऊन पोहोचतात, आणि बराच वेळ शांततेत गेल्यावर एकदम तीन-चार मोठ्या लाटा ओळीने येतात. खाली उतरण्याआधी १५ मिनिटे नुसते वरून बघत राहावे. ओला, काळपट खडक दिसला की लाट तिथवर येऊन गेली आहे.

रस्त्याबद्दल थोडेच. अशा किनाऱ्याला बहुधा एकच वळणांचा रस्ता असतो. नकाशातले अंतर पाहून वेळ धरू नये. कॅलिफोर्नियातल्या बिग सरचा किनारी रस्ता मे २०१७ मध्ये दरड कोसळून बंद झाला, तो जुलै २०१८ मध्ये सुरू झाला. दोन दिवसांत आठ ठिकाणे गाठायची म्हटली की माणूस गाडीतच राहतो आणि मग उशिरा पोहोचून, भरती चढत असताना, ‘आलोच आहोत तर’ म्हणून खाली उतरतो. दोन दिवसांत दोन जागा पुष्कळ झाल्या. एकच पुळण सकाळी भरलेली आणि दुपारी रिकामी बघितली तर ती दोन वेगळ्या जागांसारखी भासते.

विनंती अशी, की सहलीच्या पानावर एक छोटी चौकट द्यावी. लेखात आलेल्या किनाऱ्याच्या येत्या शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा, पाण्याची उंची, आणि सूर्यास्ताची वेळ. ‘अमुक वाजता जा’ याऐवजी ‘पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी जा’ असे लिहायला लेखकांना सांगावे. आणि ज्या पुळणीवरून परतायला दुसरी वाट नाही, तिच्या वर्णनात तेवढे एक वाक्य ठळक अक्षरात छापावे.

आपली,
एक नियमित वाचक