फुकटचा फोन घ्या, पण आधी लाईटचं पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या आमच्या भागात फायबरवाले पोरं गावोगाव फिरून राहिले, नेट घ्या, सोबत घरचा फोन फुकट म्हणतात. स्कीम वाईट नाही, आवाजही खणखणीत येतो, पण लाईट गेल्यावर काय हे कोणीच सांगत नाही.

जुन्या लँडलाईनला तांब्याच्या तारेतून एक्सचेंजकडूनच ४८ व्होल्ट करंट यायचा, त्यामुळं अख्खं गाव अंधारात असलं तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचाच. हा नवा फोन राऊटरच्या, म्हणजे नेटच्या डब्याच्या, मागं लागतो अन राऊटर घरच्या बोर्डावर, म्हणजे लाईट गेली की फोन मुका. आणि आमच्याकडं लाईट जाते कधी, तर मे-जूनच्या वादळात नाहीतर पावसाळ्याच्या रात्री, कोणाला साप चावला अन १०८ लावायचा असला तर नेमकं तेव्हाच.

बहुतेक राऊटर १२ व्होल्टवर चालतात, त्यासाठी मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर चालणारा छोटा बॅटरीचा डबा, भेटतो, घेताना अडाप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचून घ्या. पण तेवढ्यानं भागत नाही, नेट देणाऱ्या केबलवाल्याच्या मशीनलाही बॅटरीचा बॅकअप पाहिजे, नाहीतर आपल्या घरी बॅटरी फुल अन तिकडं सगळं ठप्प. तो बॅकअप किती तास चालतो हे केबलवाल्याला तोंडावर विचारा, उत्तर देताना चुळबुळ करायला लागला की समजून जा. खांबावरच्या वायरीवर वांदरं लोंबकळतात ते वेगळंच, मग राऊटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकत बसतो अन माणूस येईपर्यंत नेटही नाही, फोनही नाही.

नेटचा स्पीड फोनला पुरणार नाही ही भीती मात्र उगाच आहे, एका कॉलला १०० केबीपीएसच्या, म्हणजे एका एमबीपीएसच्या दहाव्या हिश्श्याच्या, आसपासच स्पीड लागते, आवाज तुटतो तो लाईनवर गर्दी झाली अन डेटा उशिरा पोचला म्हणून.

ज्या घरात टिनाखाली मोबाईलला रेंज नाही त्यांनी आधी मोबाईलमधलं वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या नेटवरून कॉल, चालू करून पाहावं, नंबर तोच राहते, बहुतेक नव्या हँडसेटमध्ये आहे. मोबाईलची बटणं न जमणारी म्हातारी माणसं असतील तर वायरवाला साधा फोन बरा, कॉर्डलेस नको, त्यालाही लाईट लागतेच. अन या घरच्या फोनवरून मोबाईलचा नंबर लावताना आधी शून्य दाबायचा, २०२१ पासून तसा नियम आहे, हे फोनजवळ लिहूनच ठेवा.

कंपन्यांनी लाईट गेल्यावर फोन किती वेळ चालेल हे फॉर्मवरच मराठीत छापावं, एवढी आमची मागणी आपल्या पेपरातून पोचवा.

आपला एक वाचक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ